पश्चिमेच्या भिंतीवरच्या पाकोळ्या

१

सरांच्या पलंगाशेजारी बसून कानताईंनी मांडीवरच्या गाठोड्याची गाठ सोडली, फडक्याची टोकं बाजूला केली, आणि आतून निघाली टेलिफोनची डिरेक्टरी.

जाडी तीच. वजन तेच. लाल पुठ्ठासुद्धा जवळजवळ तसाच. फक्त अकरा वर्षांच्या वटवाघळांच्या जागी शहरभरच्या लोकांचे कधीच बंद पडलेले फोन नंबर.

"वा," सर उशीवरूनच म्हणाले. पडून त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं त्याला सहा आठवडे झाले होते; जिभेला मात्र कुठे धक्का लागला नव्हता. "कुणाला लावायचा म्हणतेस फोन?"

कानताईंना हसू येईना. त्यांनी फडकं झटकलं, पिशवी उलटी केली, पलंगाखालीसुद्धा वाकून पाहिलं. वही काय चालत पलंगाखाली गेली असती? पण माणूस गोंधळला की बघतो.

"सर, काल संध्याकाळी वाचनालयातल्या व्याख्यानात वही टेबलावर होती. सगळ्यांनी चाळली. मी निघाले तेव्हा गाठोडं बांधलेलं होतं. तेच उचललं, घरी नेलं, तेच आत्ता तुमच्यासमोर सोडलं."

"म्हणजे बांधणाऱ्यानेच बदललं."

"हो."

"आणि सोमवारी पाच वाजता इंजिनिअर बाई येणार."

"हो," कानताई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज इतका बारीक आला की त्यांच्या कान तपासायच्या शांत खोलीतसुद्धा तो कुणाला ऐकू गेला नसता.

गोष्ट अशी होती. गावाच्या कडेला एक जुनं पंपघर होतं. त्याच्या भिंतींतल्या फटींत छोटी वटवाघळं राहायची, आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दिवस मावळताना दहा-पंधरा हौशी माणसं तिथे जमून ती मोजायची. फेरी सरांनी सुरू केली, वहीही त्यांनीच. आता पंपघराची दुरुस्ती निघाली होती आणि फटी बुजवून गिलावा करायचा ठरला होता. आत तर पिल्लं. इंजिनिअर बाई वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या होत्या, "मला सलग नोंदी दाखवा, मी काम पिल्लं उडेपर्यंत पुढे ढकलते, फटीही राखते. नोंदी नसतील तर मंगळवारी गवंडी भिंतीवर चढतील."

आकडे वहीत उतरवायचं काम कानताई बरीच वर्षं करत होत्या; सर पडल्यावर त्यांनी वहीच कानताईंच्या हवाली केली होती. "सांभाळ," एवढंच म्हणाले होते.

कानताई कान तपासायच्या, म्हणून कानताई. दवाखान्यातल्या मऊ भिंतींच्या छोट्या खोलीत त्या लोकांच्या कानांवर हेडफोन चढवायच्या आणि दिवसातून वीसदा तेच सांगायच्या: "ऐकू आलं की बोट वर करा. नाही आलं तर करू नका. माझं मन राखायला करू नका." वीस वर्षं लोकांना काय ऐकू येत नाही तेवढंच सांगत आलेल्या या बाईला सरांनी एका संध्याकाळी पंपघरापाशी उभं केलं, आणि कुणालाच ऐकू येत नाही ते ऐकवलं. वटवाघळांचा आवाज माणसाच्या कानाच्या टप्प्याबाहेरचा. सरांकडे तो आवाज कानाच्या टप्प्यात उतरवून ऐकवणारं एक यंत्र होतं, मुठीएवढं, सगळे त्याला 'डबी' म्हणायचे. डबी लावली आणि रिकामं आभाळ तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तसं तडतडायला लागलं. त्या संध्याकाळचं देणं कसं फेडावं हे कानताईंना अजून कळलेलं नव्हतं. आणि आता ही डिरेक्टरी.

"पोलिसात नको जाऊस," सर म्हणाले. "बाहेरच्या चोराला ही वही कशाला हवी? तू तुझं काम कर. कान लावून ऐक. कोण ऐकू न येता बोट वर करतंय ते बघ."

२

वाचनालयातल्या ग्रंथपाल बाई डिरेक्टरी बघताच म्हणाल्या, "अरेच्चा, ही आमचीच! रद्दीत टाकायची म्हणून मी दाराशी ठेवली होती. तुम्ही कशाला नेलीत?"

"मी नेली नाही. माझ्या गळ्यात घातली कुणीतरी."

ग्रंथपाल बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि हातातला शिक्का टेबलावर ठेवला. हा शिक्का त्या जेवतानाच तेवढा खाली ठेवत, असं लोक म्हणायचे.

"आणि तुम्हाला वाटतं मी नेली."

"मला काही वाटत नाही. मी विचारते आहे."

"विचारा ना. गेली चार वर्षं तुमच्या वटवाघळांनी माझं एक कपाट अडवलंय, हे मी जाहीरपणे बोलते. तक्ते, फलक, त्या बारा टॉर्च. पण वही नेऊन मला काय मिळणार? एका वहीची जागा. न्यायचीच असती तर मी टॉर्च नेल्या असत्या."

हे कानताईंना पटलं. खऱ्या माणसाची तक्रार नेमकी असते.

दोघींनी मिळून कालची संध्याकाळ परत उभी केली. पाहुण्या अभ्यासक बाई सहा वाजता बोलायला लागल्या. खोलीत अंधार, पडद्यावर चित्रं. प्रश्न चिठ्ठीवर लिहून पुढे पाठवायचे, अशी वाचनालयाची पद्धत. म्हणजे बुजऱ्यालाही विचारता येतं. एक चिठ्ठी पाहुण्या बाईंनी मोठ्याने वाचली होती: "पाकोळी हा पक्षी ना?" त्या हसून म्हणाल्या होत्या, "काही लोक म्हणतात पक्ष्याला. पण तुमच्या वहीत तर पाकोळी म्हणजे छोटं वटवाघूळ. अकरा वर्षं मोजता आहात आणि अजून हा घोळ?" सगळी खोली हसली होती. कानताई तर डोळे पुसेपर्यंत हसल्या होत्या.

"मग दिवे लागले, चहा झाला," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "वहीच्या टेबलापाशी शेवटी कोण होतं सांगू? तो पंपघराच्या दुरुस्तीचा ठेकेदार. पानं उलटत होता, जसा काही परीक्षेलाच बसायचाय. मी कपबशा आत नेल्या. परत आले तर गाठोडं बांधून तयार, पडद्याच्या वायरी गुंडाळलेल्या, खुर्च्यासुद्धा भिंतीला लावलेल्या. मला वाटलं, तुमच्यापैकी कुणीतरी शहाण्यासारखं वागलं."

"ठेकेदार कशाला आला होता? याआधी कधी फिरकला नाही."

"तेच तर." ग्रंथपाल बाईंनी खणातून एक बशी काढली. "आणि हा तुमचा कचरा घेऊन जा. प्रश्नांच्या चिठ्ठ्या."

कानताईंनी चिठ्ठ्या पर्समध्ये कोंबल्या. बाहेर पडल्या तर पायरीवर कंट्रोलरकाका उभे.

काका बस डेपोत तीस वर्षं कंट्रोलर होते; कोणती गाडी किती वाजता आली, किती वाजता गेली, याची नोंद ठेवणं हे त्यांचं काम. निवृत्त झाले, पाठोपाठ काकू गेल्या. तीन वर्षांपूर्वी ते फेरीला यायला लागले आणि कानताईंनी त्यांना पंपघराची पश्चिमेची भिंत दिली. बाकी सगळे पूर्वेला, डबीभोवती. काका एकटे पलीकडे. त्यांची बाजू नेहमी आधी आटोपायची. पूर्वेची मोजणी सुरू होते न होते तोच ते चिठ्ठी घेऊन हजर. कुणी डबी देऊ केली तर म्हणायचे, "नको, मला नुसत्या कानांनी येतात ऐकू." सगळ्यांना कौतुक.

"काका, वही गेली हो."

"कळलं ताई." काकांनी घड्याळाकडे पाहिलं, काही सुचेनासं झालं की ते घड्याळाकडे बघत. "मिळेल. सोमवारपर्यंत मिळेल."

"कशावरून?"

पण काका पायऱ्या उतरून निघूनही गेले होते. त्यांचा शर्ट चुरगळलेला होता. तीन वर्षांत कानताईंनी तो कधी चुरगळलेला पाहिला नव्हता.

३

ठेकेदार पंपघरापाशीच सापडला. परांचीचे बांबू उतरवून घेत होता, आणि कानताईंना बघून त्याने कामगारांना चहाला पाठवलं.

"या बाई. मला ठाऊक होतं तुम्ही येणार. वाचनालयातून फोन आला."

"मग सरळच विचारते. वही तुम्ही घेतलीत?"

"मी?" ठेकेदार बांबूंच्या ढिगावर बसला. "बाई, माझी मुलगी चौथीत आहे. तिच्या वर्गात तुमच्या सरांनी कधीतरी येऊन वटवाघळं दाखवली होती. तिला कळलं की बाबा पंपघराच्या फटी बुजवणार आहे. तीन दिवस घरात माझ्याशी बोलत नाही. आईला सांगते, 'त्यांना सांग जेवायला या.' त्यांना! मी व्याख्यानाला का आलो? वहीत काय आहे ते बघायला. खरंच आत जीव असतील तर मीच इंजिनिअर बाईंना सांगणार होतो. वही चोरून मी घरी जेवू कुठे?"

कानताईंनी त्याच्याकडे पाहिलं. इतका मोठा माणूस, हाताला सिमेंट, आणि चौथीतल्या पोरीपुढे पार हरलेला. असं खोटं कुणाला सुचत नाही.

"तुम्ही पानं चाळलीत ना? काही लक्षात आलं?"

"मी अडाणी माणूस, पण भिंत कळते मला. पश्चिमेच्या भिंतीचा आकडा वर्षानुवर्षं पाच, सहा, सात. आणि तीन वर्षांमागे एकदम चाळीस! तेव्हापासून चाळीसच्या खाली नाही. म्हटलं, भिंतीला फट नवी पडली का? तर नाही, प्लास्टर जुनंच आहे. घरी एकाएकी पस्तीस पाहुणे आले तर यजमान निदान विचारेल तरी, की बाबांनो कुठून आलात."

 तो आकडा चढला तेव्हा फेरीने टाळ्या वाजवल्या होत्या. विचारलं कुणीच नव्हतं. वहीत तो आकडा उतरवून घेणाऱ्या बाईने तर नाहीच नाही, आणि ती बाई म्हणजे कानताई स्वतः.

"हे तुम्ही कुणाला बोललात?"

"बोललो की, तिथल्या तिथे, मोठ्याने. माझ्यामागे कुणीतरी वायर गुंडाळत होतं. चेहरा नाही बघितला. पण मी हे बोललो आणि," ठेकेदार जरा थांबला, "वायर गुंडाळायची थांबली बघा."

४

रविवारी सकाळी कानताईंनी ठरवलं की चोर मिळो न मिळो, वही पुन्हा लिहायची. कारण वही हे शेवटी काय होतं? फेरीच्या दिवशी प्रत्येक मोजणारा आपापल्या भिंतीची चिठ्ठी द्यायचा, आणि कानताई घरी येऊन त्यातला आकडा तेवढा वहीत उतरवायच्या. चिठ्ठ्या टाकून द्यायला त्यांचा जीव धजला नव्हता. बुटाच्या खोक्यात पडून होत्या.

त्यांनी जेवणाच्या टेबलावर खोकं रिकामं केलं. पलीकडे सासूबाई शेंगा सोलत होत्या. सासूबाईंच्या कानातलं यंत्र सुनेनेच बसवून दिलेलं होतं आणि ते कधी चालू, कधी बंद हे केवळ सासूबाईंना ठाऊक असायचं.

"काय गं ही रद्दी?"

"वही परत लिहितेय, आई. पूर्वेची वटवाघळं, पश्चिमेच्या पाकोळ्या."

"आमच्या शाळेच्या छपराखाली होत्या पाकोळ्या," सासूबाई म्हणाल्या. "पिसांची घरटी करायच्या. संध्याकाळी घरी आल्या की चिर्र चिर्र चिर्र, कान किटायचे. बाईंनी फळ्यावर काय लिहिलंय ते कळायचं नाही, म्हणून मला गणित येत नाही."

"शाळा काय संध्याकाळी भरायची?"

"आमची दुपारची होती. विषय बदलू नकोस."

"आई, तुम्ही म्हणता ती पाखरं. मी म्हणते ती छोटी वटवाघळं."

"मग वटवाघूळ म्हणावं ना सरळ. पाखराचं नाव कशाला पळवायचं?"

कानताई हसल्या, आणि हसता हसता त्यांचा हात खोक्याच्या वर थांबला.

'पाकोळी' हा फेरीत सरांचा शब्द होता. बाकी सगळे आपले 'वटवाघळं'च म्हणायचे. पण तीन वर्षांपूर्वी त्या संध्याकाळी एका नव्या, गप्प गप्प माणसाला कानताई काय म्हणाल्या होत्या? "काका, पूर्वेची वटवाघळं आम्ही बघतो. तुम्ही पश्चिमेच्या पाकोळ्या मोजा."

त्यांनी पश्चिमेच्या चिठ्ठ्या वेगळ्या काढल्या. एकसारख्या आकाराच्या, वळणदार अक्षरातल्या. आजवर त्यांनी त्यातला आकडा तेवढा वाचला होता. आता पहिल्यांदाच पूर्ण चिठ्ठी वाचली.

"पश्चिम भिंत. पाकोळ्या ४१. पहिली आली ६.२२. शेवटची आली ६.४८."

आली.

पूर्वेच्या सगळ्या चिठ्ठ्यांवर होतं, 'पहिलं निघालं', 'शेवटचं निघालं'. दिवस मावळला की वटवाघळं बाहेर पडतात. आणि काकांच्या पाकोळ्या तीन वर्षं, दर महिन्याला, न चुकता, घरी येत होत्या.

प्रत्येक चिठ्ठीच्या उजव्या कोपऱ्यात, इवल्या अक्षरात, लिहिल्याची वेळ. ६.५१. ७.०३. ६.३०.

कानताईंनी पर्स टेबलावर पालथी केली. प्रश्नांच्या चिठ्ठ्यांतून ती एक शोधून काढली, जिच्यावर सगळी खोली हसली होती. 'पाकोळी हा पक्षी ना?' तेच वळणदार अक्षर. कोपऱ्यात, ६.४२.

आणि मग त्यांना स्वतःचीच इतकी लाज वाटली की त्या उठून खिडकीशी गेल्या. मागच्याच महिन्यात त्यांनी काकांचे कान तपासले होते. तीस वर्षं इंजिनांच्या घरघरीत आणि भोंग्याखाली काढलेले कान. अगदी बारीक आवाज सगळे गेलेले. "नुसत्या कानांनी येतात ऐकू," असं तो माणूस वटवाघळांबद्दल म्हणायचा, आणि कान तपासण्यावर पोट असलेल्या या बाईला एकदाही वाटलं नाही की अहो, हे कसं शक्य आहे? ते पोकळ बढाई मारत नव्हते. ते पाखरांबद्दल बोलत होते. त्यांना खरंच ऐकू येत होतं. ऐकलं नव्हतं ते कानताईंनी.

"काय झालं?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, माझे कान तपासायला हवेत."

"मी कधीची सांगतेय," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी सोललेल्या शेंगांची वाटी सुनेपुढे सरकवली.

५

काकांच्या घरी तीन घड्याळं होती आणि तिन्ही एकच वेळ दाखवत होती. दार उघडंच होतं. वही टेबलावर होती, उघडी, शेजारी पट्टी आणि नीट टोक केलेली पेन्सिल.

काका उठून उभे राहिले. "या ताई. मी चारला निघणार होतो तुमच्याकडे."

"आत्ता तीन पन्नास आहेत."

"हो," काका म्हणाले. "दहा मिनिटं उरली होती."

दोघंही बसले.  काकांनीच वही कानताईंकडे वळवली.

"खोडायला नेली होती. त्या ठेकेदाराने बरोबर ओळखलं. व्याख्यानात मला कळलं, आणि त्याच्या तोंडून आकडा ऐकला तेव्हा वाटलं, आता सोमवारी इंजिनिअर बाईही हेच विचारणार. एक भिंत खोटी म्हणजे सगळी वही खोटी. सरांची अकरा वर्षं माझ्यामुळे पाण्यात. दाराशी ती डिरेक्टरी दिसली आणि हात पुढे गेला. तीस वर्षांत मी नोंदीला खोटा हात लावला नाही, ताई. आणि घरी आणून बसलो तर खोडवेना. डेपोत नोंदीवर खाडाखोड केली की नोटीस यायची."

कानताईंनी पाहिलं. पश्चिमेच्या छत्तीस आकड्यांपुढे, समासात, पेन्सिलीने इतकं पुसट की श्वास लागला तर उडेल, एकच शब्द लिहिलेला होता: पक्षी.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही हसलात ना," काका सहज म्हणाले. त्यात तक्रार नव्हती, नुसती नोंद होती.

कानताईंचे डोळे भरून आले. "चूक माझी होती, काका. 'पाकोळ्या मोजा' मी म्हटलं. तुम्ही मोजल्यात. तुम्ही दर चिठ्ठीवर 'आली' लिहिलंत, मी वाचलं नाही. तुम्ही प्रश्न विचारलात, मी हसले. माफ करा मला."

"अहो, छे छे!" काका एकदम उठून पाणी आणायला गेले, आणि पाणी न घेताच परत आले. "तुम्ही कसली माफी मागता? ही गेली ना, तेव्हा सकाळ जायची कशीबशी. दुपार जायची. पण संध्याकाळ... डेपोत संध्याकाळी सगळ्या गाड्या घरी येतात, ताई. एकेक नोंदवून घ्यायची. घरात बसलो तर कुणीच येईना. तेव्हा तुम्ही म्हणालात, महिन्यातून एकदा या, पाकोळ्या मोजा. मी गेलो. बघतो तर, दिवस मावळताना एकेक करून सगळ्या घरी येतायत. ओरडत, भांडत, पण येतायत. महिन्यातून एकदा कसं भागेल? मी रोज जायला लागलो."

"रोज?"

काकांनी कपाट उघडलं. आत तीन डायऱ्या होत्या. प्रत्येक पान भरलेलं. तारीख, ढग होते की नव्हते, पहिली आली, शेवटची आली, एकूण. एक हजार संध्याकाळी, मिनिटासकट.

"याचा काही उपयोग नाही, मला ठाऊक आहे," काका म्हणाले. "वटवाघळं नाहीत ना ही."

कानताईंनी एक डायरी उघडली, मिटली, आणि उठल्या.

"काका, डेपोत चुकीची नोंद झाली तर खोडत नाही म्हणालात. मग करता काय?"

"एक रेघ. खालची नोंद वाचता आली पाहिजे. शेजारी बरोबर नोंद, सही, वेळ."

"पेन काढा," कानताई म्हणाल्या. "सह्या दोघांच्या."

६

सोमवारी पाचला सर पंपघरापाशी हजर होते. ठेकेदाराने चार माणसं पाठवून त्यांना खुर्चीसकट उचलून आणलं होतं आणि पूर्वेच्या भिंतीसमोर ठेवलं होतं. ठेकेदाराची मुलगी वडिलांचं बोट धरून उभी होती. म्हणजे बोलणं सुरू झालेलं दिसत होतं. ग्रंथपाल बाई बाराच्या बारा टॉर्च घेऊन आल्या होत्या, "परत कपाटात नकोत" असं बजावून.

सरांना कानताईंनी सगळं रविवारीच सांगितलं होतं.  त्यांनी डायऱ्या मागवल्या, चष्मा लावला, आणि तासाभराने नुसतं म्हणाले, "माणसाने मागावं एक आणि पदरात पडावं दोन. त्या गृहस्थांना माझ्या शेजारी बसव."

इंजिनिअर बाईंनी ऊन उतरेपर्यंत पानापानाने वही वाचली. पश्चिमेच्या रकान्यापाशी थांबल्या.

"ही खाडाखोड कसली?"

"खाडाखोड नाही, दुरुस्ती आहे," काका म्हणाले, आणि कॉलर नीट केली. शर्टाला कडक इस्त्री होती. "छत्तीस नोंदींत मी वटवाघळांऐवजी पक्षी मोजले. चूक माझी. सही आहे, वेळ आहे. पक्ष्यांच्या खऱ्या नोंदी या तीन डायऱ्यांत."

"आणि ती नोंद न वाचता उतरवली ती माझी चूक," कानताई म्हणाल्या. "खाली माझी सही."

"म्हणजे पश्चिमेला वटवाघळं किती?"

"या तीन वर्षांचं माहीत नाही. त्याआधी पाच ते सात. वहीत तसंच लिहिलंय, 'मोजली नाहीत.'"

इंजिनिअर बाईंनी वही मिटली नाही. उलट एक पान मागे गेल्या, आणखी एक मागे. "मला रोज अहवाल येतात," त्या म्हणाल्या, "सगळे आकडे गोल. स्वतःची चूक लिहून खाली सही केलेला कागद मी नोकरीत पहिल्यांदा बघते आहे. बाकीचं मी मानते मग."

तेवढ्यात पश्चिमेकडून चिर्र झालं. काका उठले, घड्याळ बघितलं, भिंतीच्या पलीकडे गेले. पाठोपाठ इंजिनिअर बाई गेल्या. पाखरं आभाळ कापत येत होती, भिंतीशी आल्यावर पंख आवळून फटीत शिरत होती, एकामागून एक. काका मोठ्याने मोजत होते. चव्वेचाळीस झाल्या. आवाज थांबला. मग जरा वेळ काहीच नाही, आणि पूर्वेच्या फटीतून पहिलं वटवाघूळ निसटलं.

"शिफ्ट बदलली," काका म्हणाले.

इंजिनिअर बाईंनी ठेकेदाराला हाक मारली. "दोन्ही भिंतींच्या फटींना खडूने खुणा करा. एकही बुजवायची नाही. छपराचं काम पिल्लं उडाल्यावर. लेखी आदेश उद्या देते." ठेकेदाराआधी त्याची मुलगीच खडू घेऊन धावली.  सर शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर हात ठेवून काकांची वाट बघत होते.

काका परत आले, तसे कानताईंनी डबीला हेडफोन जोडले आणि त्यांच्या कानांवर चढवले. तीन वर्षांत त्यांना ते कुणी आग्रहाने चढवले नव्हते.

"ऐकू आलं की बोट वर करा," कानताई म्हणाल्या. "नाही आलं तर करू नका. माझं मन राखायला करू नका."

काका खुर्चीत ताठ बसले. कानताई डबीची चकती हळूहळू फिरवत राहिल्या. वर, अजून वर. आभाळात काळे ठिपके भिरभिरत होते. काकांचे डोळे मिटलेले, हात मांडीवर. काही नाही. काही नाही.

मग त्यांचं बोट वर गेलं. आणि ते खाली घ्यायचं विसरूनच गेले.